अण्णांची गोळी

मराठीत 'रक्तदाब' आणि कन्नडात 'रक्तदोत्तड' असे दोन नेटके शब्द आहेत. दोन्ही वर्तमानपत्रात छापले जातात, दवाखान्याच्या भिंतीवर रंगवले जातात, आणि बसवनगुडीत सहसा कोणी ते तोंडाने उच्चारत नाही. गांधी बझारातल्या फुलवालीपासून बुल टेंपल रोडवर पहाटे फिरणाऱ्या निवृत्त इंजिनिअरपर्यंत सगळ्यांना 'बीपी' असतं. 'ननगे बीपी इदे' म्हणजे 'मला बीपी आहे'. वाक्य दोन्ही भाषांत सारखंच चुकीचं आहे. दाब प्रत्येक जिवंत माणसाच्या रक्ताला असतोच. पण लोकांनी आकडा बाजूला सारून त्याचं एक बिऱ्हाड केलं आहे. ते अंगात येऊन राहतं आणि पुन्हा जात नाही.

दुसरा एक शब्द मला जास्त छळतो. औषधाचा नको असलेला परिणाम, त्याला मराठी 'दुष्परिणाम' म्हणते. त्यात वाईटपणाचा निवाडा आधीच होऊन गेलेला असतो. कन्नड 'अड्डपरिणाम' म्हणते. अड्ड म्हणजे आडवा. औषध सरळ निघालं, वाटेत आणखी कुठेतरी आडवं शिरलं, एवढंच. ते चांगलं की वाईट हे ज्याच्या अंगात शिरलं त्याने ठरवावं. मला कन्नड शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. आमच्या घरात एक गोळी अशी दहा वर्षं आडवी शिरली होती. ती कुठवर गेली याचा हिशोब मी अजून करते आहे.

बसवनगुडी ही वस्तीच रोगाच्या धास्तीतून उभी राहिली. १८९८ साली बेंगळूरच्या जुन्या पेठेत प्लेग आला आणि दाटीतून लोकांना बाहेर काढायचं म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम अशा दोन नव्या वस्त्या आखल्या. म्हणून इथले रस्ते सरळ आणि रुंद, झाडं भरपूर. प्लेग दिसत असे, गाठ येत असे, उंदीर पडत असत. आज याच रुंद रस्त्यांवर जे लोक हात हलवत फिरतात त्यांचा रोग दिसत नाही, दुखत नाही. दुखतात, सुजतात, खोकतात ती त्यावरची औषधं. ज्याने काही होत नाही त्यासाठी रोज असं काही घ्यायचं, ज्याने काहीतरी होतं. हा सौदा माणसाच्या सहज बुद्धीला पटणं फार कठीण आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, १९१५ सालचे. निपाणीजवळच्या गावातून १९४८ मध्ये सरकारी हिशोब खात्यातल्या नोकरीसाठी इथे आले आणि एन. आर. कॉलनीच्या बाजूला बिऱ्हाड केलं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कचेरीत इंग्रजी. गाणं मात्र त्यांचं कुठल्याच भाषेत अडत नसे. घरी पेटी होती. सकाळी दाढी करताना नाट्यपदं, संध्याकाळी अभंग. रामनवमीच्या सुमाराला फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीच्या मैफली होतात, त्या १९३९ पासून चालू आहेत. कर्नाटक संगीतातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण पदरमोड करून जायचे आणि उशिरा परतताना जे कानात राहिलं असेल ते आपल्या पद्धतीने गुणगुणत यायचे. आई म्हणायची, "तुमच्यामुळे राग सुद्धा निपाणीचे होतात."

१९६८ साली कचेरीत तपासणी झाली. वरचा दाब २१० आणि खालचा १२० निघाला. अण्णांचे वडील बावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूने गेले होते, आणि अण्णा तेव्हा त्रेपन्नचे होते. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. त्या काळी रोग्याच्या लेखी गोळीला रंग असे, नाव नसे. नाव डॉक्टरांच्या आणि दुकानदाराच्या माहितीतलं. पण अण्णा हिशोब खात्यातले. घरखर्चाच्या वहीत 'औषध' एवढं लिहून त्यांचं भागत नसे. चिठ्ठीवर जे असेल ते तसंच्या तसं उतरवायचं, अशी त्यांची रीत. गेल्या वर्षी माळा आवरताना १९६२ ते १९८८ पर्यंतच्या त्यांच्या वह्या सापडल्या. १९६८ च्या वहीत ते नाव होतं, आणि नावापुढे गोळ्यांची संख्या. गोळीत दोन औषधं एकत्र होती. त्यातलं एक रिसर्पिन.

मी चौतीस वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. रिसर्पिन मला पाठ आहे. हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्डने १९५६ साली तो रेणू प्रयोगशाळेत शून्यातून बांधून काढला. एम. एस्सी.च्या वर्गात ते संश्लेषण मी फळ्यावर काढत असे, तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंही पेन खाली ठेवून बघत बसायची. घरातल्या कपाटात बाटलीत तोच रेणू होता, हे वही उघडेपर्यंत आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

रिसर्पिन सर्पगंधेच्या मुळीतून येतं. हे झुडूप आपल्याकडचं. सापाच्या विषावर, झोपेसाठी, भ्रमिष्ट माणसाला शांत करण्यासाठी ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. बिहारकडे तिला सरळ वेडाचं औषधच म्हणत. १९३१ साली दोन गोष्टी घडल्या. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी या मुळीतली काही अल्कलॉइडं वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिलं. आणि कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक लेख लिहिला. वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवरचं नवं भारतीय औषध, असं त्याचं शीर्षकच होतं. मन आणि रक्त त्यांनी पहिल्याच दिवशी एका ओळीत आणून ठेवले होते.

जगाच्या कानावर ही मुळी घातली ती मुंबईने. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये पन्नास रोग्यांवरच्या वापराचा अहवाल छापला. तोपर्यंत वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. मीठ तोडायचं, विश्रांती घ्यायची, अगदीच टोकाला गेलं तर शस्त्रक्रिया करून पाठीतल्या मज्जातंतूंच्या साखळ्या कापायच्या. वकिलांचा लेख बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सनी वाचला, मुळी मागवली, आपल्या रोग्यांना दिली. १९५२ साली बासेलच्या प्रयोगशाळेत मुळीतला मुख्य रेणू वेगळा झाला आणि त्याला रिसर्पिन हे नाव मिळालं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईच्या एका पारशी डॉक्टरामुळे आपल्या रानातली मुळी जगभरच्या औषधाच्या दुकानांत पोचली. अण्णांच्या कपाटात ती आली तेव्हा तिचा प्रवास मुंबई, बॉस्टन, बासेल असा होऊन आली होती.

ती गोळी अंगात काय करते ते सांगते. बेंगळूरच्या कोणत्याही घरात आहे तशी रचना डोळ्यांपुढे आणा. कावेरीचं पाणी संपमध्ये येतं, मोटर ते वर चढवते, नळांतून ते घरभर जातं. दाब तीन गोष्टींवर ठरतो. पाणी किती आहे, मोटर किती जोराने चालते आणि नळ किती अरुंद आहेत. रक्तदाबाचं प्रत्येक औषध या तिन्हींपैकी एकाला किंवा अधिकांना हात घालतं. शरीरात मात्र मोटरला आणि नळांना हुकूम देणारी तारांची एक यंत्रणा आहे. मज्जातंतूंच्या टोकांना बारीक कोठ्या असतात, त्यांत नॉरअ‍ॅड्रिनलीन साठवलेलं असतं. हुकूम आला की कोठी थोडी उघडते, हृदय जोरात धडकतं, रक्तवाहिन्या आवळतात. रिसर्पिन या कोठ्या भरूच देत नाही. साठा हळूहळू रिता होतो. हुकूम येत राहतात, पण द्यायला काही उरलेलं नसतं. हृदय मंदावतं, वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. कोठ्या रित्या व्हायला दिवस लागतात, आणि औषध बंद केल्यावर पुन्हा भरायला आठवडे.

नाकातल्या वाहिन्याही अशाच सैल पडतात आणि नाक चोंदतं. अण्णांचं नाक १९६८ च्या पावसाळ्यात चोंदलं ते बारा महिने तसंच. आई निलगिरीचं तेल लावायची, ओव्याची पुरचुंडी हुंगायला द्यायची. चोंदलेल्या नाकाने गाता येत नाही. आधी दाढीच्या वेळचं गाणं थांबलं. मग अण्णा कचेरीतून आले की आडवे होऊ लागले. मग पेटीवर चादर आली. ती चादर आईने घातली की अण्णांनी, मला आठवत नाही. मी तेरा वर्षांची होते. घरातला एक आवाज कमी झाला आहे हे मला कळत होतं, आणि मोठ्यांना त्याचं कारण विचारायचं नसतं हेही कळत होतं.

कारणं घरात तयारच होती. आई म्हणायची, बढती चुकली ते मनाला लावून घेतलंय. आत्या म्हणायची, शनी आहे. शेजारचे रामराव म्हणायचे, पन्नाशी उलटली की माणूस आत वळतो, हे चांगलंच लक्षण आहे. आणि १९७१ मध्ये अक्काचं लग्न झालं. धारवाडचे, लिंगायत घरातले, शाळेत गणित शिकवणारे भावोजी. अण्णांनी नाही म्हटलं नाही. लग्नाला आले, खुर्चीवर बसले, जेवले, परतले. त्यानंतर अक्काच्या चार पानी पत्रांना त्यांची पोस्टकार्डं जात. 'पत्र पावलं. सर्व क्षेम. प्रकृतीस जपावे.' अक्काने त्यावरून काढायचा तो अर्थ काढला. पन्नास वर्षं तो अर्थ तिच्याजवळ आहे. लग्न अण्णांना मान्य नव्हतं, ते भांडले नाहीत, नुसते गप्प झाले. भांडले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणते.

रिसर्पिनची कोठ्या रित्या करण्याची करामत फक्त हृदयाच्या तारांपुरती नाही. मेंदूतही अशाच कोठ्या आहेत. तिथे नॉरअ‍ॅड्रिनलीनच्या जोडीला सेरोटोनिन आणि डोपामीन साठवलेलं असतं. गोळी तिथेही पोचते. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी याच गुणाचा उपयोग करून प्रक्षुब्ध रोग्यांना शांत केलं. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या एडवर्ड फ्रीस यांनी दुसरी बाजू छापली. रक्तदाबासाठी मोठ्या प्रमाणात, दीर्घकाळ रिसर्पिन घेणारे त्यांचे काही रोगी खोल उदास झाले होते. एकाच्या हातात जो इष्ट परिणाम होता तोच दुसऱ्याच्या हातात आडवा परिणाम होता. रेणू तोच, माणसं वेगळी.

पुढे १९५७ मध्ये स्वीडनच्या अरविद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे जागच्या जागी बसून राहिले, कान पडलेले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून मेंदू डोपामीन तयार करतो, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. डोपामीन हा मेंदूचा स्वतंत्र निरोप्या आहे हे त्यातून कळलं, कंपवातावरचं औषध त्या वाटेने आलं, आणि २००० साली कार्लसनना नोबेल मिळालं. वर्गात हा प्रयोग मी दर वर्षी सांगत असे. आता त्या सशांचा फोटो पाहिला की मला आमच्या ओसरीवरची आरामखुर्ची दिसते.

पण इथेच मला सावध व्हावं लागतं. रिसर्पिनने माणूस उदास होतो, म्हणजे मेंदूतले हे पदार्थ कमी झाले की उदासी येते, या तर्कावर पुढची कित्येक वर्षं मानसोपचार उभा राहिला. आज तो तर्क तितका सरळ मानला जात नाही. जुने पुरावे पुन्हा तपासणाऱ्यांना काही रोगी उदास झालेले दिसतात, बरेच झालेले दिसत नाहीत, आणि थोड्या प्रमाणात गोळी घेणाऱ्यांत तर धोका फारच कमी वाटतो. सुस्ती, मंदपणा, गोठल्यासारखं बसणं आणि दुःख या वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून पाहणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला त्या सारख्याच दिसतात.

म्हणून मी वह्यांकडे वळले. वह्या मत देत नाहीत. १९६२ ते १९६८, दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये एक नोंद आहे: 'रामनवमी संगीत, तिकीट.' १९६८ च्या जूनमध्ये गोळी सुरू. १९६९ मध्ये तिकीट नाही. १९७० मध्ये नाही. अक्काचं लग्न १९७१ च्या मे महिन्यातलं. म्हणजे अण्णा गप्प झाले ते अक्काच्या लग्नाआधी तीन वर्षं. पेटीच्या दुरुस्तीचा शेवटचा खर्च १९६७ चा. हे सगळं माझ्या बाजूने जातं. पण त्याच वह्यांत १९६८ च्या डिसेंबरात निपाणीला चार दिवसांत दोनदा केलेल्या तारांचा खर्च आहे. धाकटे काका तेव्हा गेले. १९६९ मध्ये बढतीच्या परीक्षेची फी आहे, आणि तिच्यापुढे पुन्हा कधी काही नाही. हे आईच्या बाजूने जातं. हिशोबाच्या वहीत जमा आणि खर्च वेगळे मांडता येतात. माणसात गोळी, भाऊ आणि बढती वेगळे मांडता येत नाहीत.

दुसरं टोकही तसंच. १९७९ च्या मार्चमध्ये जुने डॉक्टर निवृत्त झाले, नव्यांनी गोळी बदलली. बीटा ब्लॉकर आला, म्हणजे कोठी रिकामी न करता हृदयावरची कडीच अडवून धरणारं औषध, आणि जोडीला लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं. त्याच वर्षी जूनमध्ये अक्काला मुलगा झाला. ऑक्टोबरमध्ये वहीत आहे: 'धारवाड, रेल्वे, दोन तिकिटे.' अण्णा लेकीच्या घरी पहिल्यांदा गेले. बाळाला मांडीवर घेऊन काहीतरी गुणगुणत होते, असं अक्काच सांगते. तिच्या मते नातवाने अण्णांचा राग घालवला. माझ्या हाती मार्च महिन्याची चिठ्ठी आहे. नातू आणि नवी गोळी सात महिन्यांच्या आत आले. श्रेय कुणाला द्यायचं?

या गोळीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर ते अन्यायाचं होईल. उदासीचा इशारा देणाऱ्या त्याच फ्रीस यांनी पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक मोठी चाचणी केली. तिचा पहिला निकाल १९६७ साली छापून आला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना खरी औषधं, निम्म्यांना दिसायला तशाच पण निकामी गोळ्या. निकामी गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर काहीतरी झालं, चार मेले. खरी औषधं घेणाऱ्यांत गंभीर घटना फक्त दोन, मृत्यू एकही नाही. वाढलेला दाब औषधाने उतरवला तर माणसं वाचतात, हे जगाला तेव्हा पहिल्यांदा पक्कं कळलं. आणि त्या औषधांच्या मिश्रणात एक रिसर्पिन होतं. धोका दाखवणाराच त्याला वापरत राहिला, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात अर्धांगवायू होता.

अण्णांचा खालचा दाब १२० होता. म्हणजे ते याच १४३ जणांच्या जातीचे. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी गेले, अण्णा चौऱ्याहत्तराव्या वर्षी, १९८९ साली, झोपेत. मधली एकवीस वर्षं त्या गोळीने आणि तिच्यानंतरच्या गोळ्यांनी आम्हांला दिली, असं मी धरून चालते. त्यांतली पहिली दहा गाण्याशिवायची होती. ती नसती तर कदाचित गाणंही नसतं आणि अण्णाही नसते. हा विचार मी रोज करत नाही, पण केला की त्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असतात.

आता रिसर्पिन फारसं कोणी लिहून देत नाही. बसवनगुडीतल्या औषधाच्या दुकानात सकाळी जाऊन उभं राहिलं की दुसरीच नावं ऐकू येतात. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, क्लोरथॅलिडोन. सर्पगंधेत साप नावापुरता होता. रॅमिप्रिलच्या घराण्यात खरा साप आहे. ब्राझीलच्या जराराका नावाच्या सापाच्या विषात, अंगातला एक दाब वाढवणारा पदार्थ तयार होऊ न देणारं काहीतरी आहे, हे सर्जिओ फेरेरा यांच्या साठच्या दशकातल्या कामातून पुढे आलं, आणि त्यावरून १९८१ साली कॅप्टोप्रिल बाजारात आलं. या घराण्याची आडवी वाट खोकल्याची. जे एन्झाइम अडवायचं तेच ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडत असतं. तो साठला की घसा खवखवतो आणि कोरडी ढास लागते. आमच्या गल्लीत एका मावशींना वर्षभर कफाची औषधं चालू होती. गोळी बदलली आणि काही आठवड्यांत खोकला गेला. टेल्मिसार्टनसारखी औषधं तीच साखळी पुढच्या कडीवर अडवतात, तिथे खोकल्याचा त्रास क्वचित. पण दोन्हीही पोटॅशियम वाढवू शकतात. मूत्रपिंडं मंद असतील तर लालबागेच्या दारात रोज शहाळं प्यायची सवय डॉक्टरांना सांगून ठेवावी. देवनहळ्ळीचा चकोता, म्हणजे पपनस, हाही काही गोळ्या आतड्यात मोडू देत नाही आणि रक्तात त्यांचं प्रमाण वाढवतो. त्याच्या जातभाईचा, ग्रेपफ्रूटचा, हा गुण कॅनडात डेव्हिड बेली यांना १९८९ च्या सुमारास योगायोगाने सापडला. औषधासोबत दिलेल्या दारूची चव लपवायला त्यांनी तो रस वापरला होता. आणि बीटा ब्लॉकर कधीही एका दिवसात बंद करू नये. अडवून धरलेली कडी सोडली की हृदय उधळतं.

राहिलं अ‍ॅम्लोडिपिन. ते धमन्यांच्या बारीक फांद्यांतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, स्नायू सैलावतात, नळ रुंद होतो. पण रुंद होतो तो येणारा नळ, जाणारा नाही. शिरा तशाच राहतात. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं, उभ्या माणसाच्या घोट्यांत. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. प्रमाण कमी केलं की उतरते, किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखं औषध दिलं की जाणाऱ्या बाजूचाही नळ थोडा मोकळा होतो.

हे सगळं मी गेल्या महिन्यात अक्काला फोनवर सांगत होते, कारण तिने अ‍ॅम्लोडिपिन बंद केलं होतं. सुनेने मला कळवलं. अक्का आता शहात्तरची. पाय सुजतात, चपला घालता येत नाहीत, आणि गोळी न घेता काही दुखत नाही. मग घ्यायची कशाला? दोन आठवडे ती गोळी कुंडीत टाकत होती. वरचा दाब १९० वर गेला होता.

"बदलून घे, बंद करू नकोस," मी म्हटलं.

"तुझे ते रेणू मला सांगू नकोस," अक्का म्हणाली. "माझं वय झालं. आता झालं तर होऊ दे."

तेव्हा मी तिला अण्णांच्या वहीबद्दल सांगितलं. १९६८ ची गोळी, चोंदलेलं नाक, तिच्या लग्नाआधीच बंद झालेली तिकिटं. काका आणि बढतीही सांगितली, कारण तिला अर्धा हिशोब द्यायचा नव्हता. तिकडे बराच वेळ आवाज नव्हता. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते?"

"ते मला ठाऊक नाही, अक्का. गप्प मात्र ते आधीच झाले होते."

"पन्नास वर्षं मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत आले. आता गोळीशी भांडू होय?" ती थोडं हसली, मग म्हणाली, "आणि ती बंद केली असती तर?"

मी तिला २७ आणि दोनचा हिशोब सांगितला. आमच्या आजोबांच्या बावन्न वर्षांचाही सांगितला. ती हिशोबाची पक्की आहे, शेवटी गणिताच्या मास्तरांच्या घरात राहिली आहे.

"त्यांना कोणी विचारलं नाही ना," ती म्हणाली, "की गोळीने कसं वाटतंय म्हणून?"

मला वाटतं, या सगळ्या विषयातलं हेच एक वाक्य आमच्या हातात आहे. दाब मोजायला यंत्र आहे, पोटॅशियम मोजायला प्रयोगशाळा आहे. गाणं थांबलं हे मोजायला घरातलं माणूस लागतं, आणि त्याने ते डॉक्टरांपर्यंत न्यावं लागतं. आमच्या डॉक्टरबाई दर वेळी म्हणतात, 'उप्पु कडिमे माडि', मीठ कमी करा. मी मान डोलावते आणि सांडगी मिरची, पापड, लोणचं या तिन्हींतलं एक आठवडाभर सोडते. पण आता मी त्यांना विचारलं नाही तरी सांगते. झोप कशी आहे, पाय कसे आहेत, सकाळी उठल्यावर काही करावंसं वाटतं का. पहिल्यांदा त्या जरा चकित झाल्या. आता लिहून घेतात.

अक्का दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन डॉक्टरांकडे गेली. अ‍ॅम्लोडिपिन निम्मं झालं, जोडीला दुसरी गोळी आली. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. दाब १४० च्या खाली, चपला पायांत शिरतात. वहीतल्या त्या दोन पानांचा फोटो पाठवू का, असं मी विचारलं. १९६९ चं एप्रिल, जिथे तिकीट नाही, आणि १९७९ चा ऑक्टोबर, जिथे दोन तिकिटं आहेत.

"फोटोत अण्णांचं अक्षर दिसायचं नाही नीट," ती म्हणाली. "वही घेऊन तूच ये. आणि येताना गांधी बझारातून कोडबळी आणू नकोस. मला चालत नाहीत आता."

धारवाडचं तिकीट मी काढलं आहे.